जोडलेल्या कॉइलचा सूड

मी एक जुनी विजेची शेगडी आहे, मित्रांनो, आणि गोड गोड बोलायला मी आलेली नाही. एक माणूस माझ्याशी वाईट वागला. मी त्याच्यावर डूख धरला आणि सूड उगवला. कसा, ते ऐका.

काकासाहेबांनी मला शहागंजच्या दुकानातून आणलं. तेव्हा माझी चिनी मातीची तबकडी पांढरीशुभ्र होती आणि तिच्या खाचांतून नवीकोरी कॉइल वळणं घेत होती. दोनशे तीस व्होल्टला मी पाच अँपिअर करंट घ्यायचे. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध निघतो. तो माझा सेहेचाळीस ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती निघते; ती साडेअकराशे वॅट. पुंडलिकनगरातल्या त्या स्वयंपाकघरातलं सॉकेटही पाच अँपिअरचंच. आमचं दोघांचं छान जमलं होतं.

काकासाहेब कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तोंडी हिशेबात गल्लीत त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. त्यांची सून अमृता हॉस्टेलच्या पोरींना डबे द्यायची. पोळी-भाजी गॅसवर, भात-वरण माझ्यावर. काम झालं की मला गार होऊ द्यायची, मग कोरड्या फडक्यानं पुसायची. त्या घरात डबे एवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती. पोरी तिला अमृताताई म्हणायच्या. घरात ती नुसती सूनबाई.

कॉइल तापून-निवून कधीतरी तुटतेच. तेव्हा नवी आणावी की नाही? नाही! काकासाहेबांनी जळका तुकडा कापून टाकला, उरलेली टोकं पिळून एकमेकांत अडकवली आणि कॉइल ताणून खाचांत बसवली. वर म्हणाले, आखूड झाली, आता वीज कमी खाईल. डोंबल! तार आखूड झाली की रोध कमी होतो, आणि रोध कमी झाला की करंट जास्त घुसतो. पण शेगडीला कोण विचारतो? पुन्हा तुटली, पुन्हा कापली. असं करत करत मी निम्मी उरले. मी लालबुंद तापायचे, तर हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे, बघा, नव्यापेक्षा भारी पेटते.

सॉकेट काळं पडायला लागलं. करपल्याचा वास यायचा. अमृता म्हणाली, मामा, पिन लई गरम होतीय, वायरमनला दाखवू. झालं, सगळा ठपका तिच्यावरच आला. तू भांडी मोठी ठेवतेस, बटण बंद करत नाहीस, तुझं ध्यान सगळं डब्यांत. शेजारच्या पारूबाईंपासून गल्लीच्या टोकापर्यंत सांगून झालं की आमची सून एक दिवस घर पेटवणार. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला कापलं ते शहाणे, आणि मला जपते ती निष्काळजी? मी आतल्या आत धुमसत राहिले. रोज अमृताचा हात त्या पिनेला लागायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. मला तो हात नको होता, दुसरा हवा होता.

शेवटी काकासाहेबांनी कन्नडहून तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. कडूबा साधा शेतकरी माणूस. व्याह्यासमोर टोपी सावरत, मान खाली घालून बसला.

"तुमच्या पोरीला समज द्या," काकासाहेब म्हणाले. "डबे आजपासून बंद."

अमृता दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. आणि शेगडी नीट कशी वापरायची असते ते दाखवायला काकासाहेब स्वतः उठले, त्यांनी माझ्यावर चहाचं आधण ठेवलं आणि बटण दाबलं. या, म्हटलं, या! पाण्याला उकळी फुटायच्या आत सॉकेट वितळलं, फाडकन आवाज झाला आणि घरातली वीज गेली. घाबरून त्यांनी पिन उपसली आणि बोटं भाजून घेतली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

इम्रान वायरमन आला. त्यानं वीज चालू केली, माझी पिन बदलली, मला गिझरच्या मोठ्या सॉकेटला लावलं आणि एका वायरभोवती मीटरचा चिमटा अडकवला. बोटांना फडकं गुंडाळून काकासाहेब सांगतच होते की सूनबाईनंच काल काहीतरी केलं असणार. इम्राननं मीटर त्यांच्यासमोर धरलं.

"काका, हिशेब तुमचा पक्का. व्होल्ट दोनशे तीस, अँपिअर दहा. तुम्हीच सांगा."

जित्याची खोड! उत्तर आपसूक तोंडातून बाहेर पडलं.

"रोध तेवीस. शक्ती तेवीसशे वॅट."

आणि त्यांची नजर माझ्यावर खिळली. माझ्या कडेच्या पट्टीवर साडेअकराशे वॅट कोरलेलं आहे, ते त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. इम्रान म्हणाला, बरोबर दुप्पट झाली, म्हणजे कॉइल निम्मी उरलीय. पाच अँपिअरच्या सॉकेटातून दहा ओढल्यावर ते जळणार नाय तर काय? भांडं लहान ठेवा की मोठं, करंट तेवढाच. मग त्यानं सहज विचारलं, कॉइल कापली कुणी?

कडूबानं मान वर केली आणि व्याह्याकडं बघितलं. काकासाहेब पुटपुटले, बरं बरं, राहू दे डबे चालू. एवढ्यावर मिटवायला निघाले होते! पण अमृता जागची हलली नाही.

"मामा, मी घर पेटवणार म्हणून तुम्ही सगळ्या गल्लीत सांगितलं. आता कॉइल कुणी कापली, तेबी गल्लीत सांगून या."

त्यांनी चपला घातल्या. खिडकी उघडी होती. पारूबाईंच्या दारात उभं राहून ते सांगत होते ते मी ऐकलं. आवाज इतका बारीक, की पारूबाईंनी त्यांना पुन्हा सांगायला लावलं.

आता माझ्यात अख्खी नवी कॉइल आहे आणि भात माझ्यावरच शिजतो. मित्रांनो, तुटलेली कॉइल पिळून जोडू नका, आणि पिन गरम होते असं घरातलं कुणी म्हणालं तर आधी ऐका. विजेला कुणाचं वय कळत नाही, हुद्दा कळत नाही. त्या दिवशी त्यांच्याऐवजी अमृताचा हात तिथं असता, तर तिची बोटं भाजली असती, डबे बंद झाले असते, आणि वर दोषही तिलाच लागला असता. काकासाहेब हल्ली माझ्याजवळून जाताना मान वळवतात. वळवू देत. मी त्यांना माफ केलेलं नाही.