रिकामी इमारत

तुम्ही खोटं बोललात. नुसतं तोंडाने नाही, राजवाड्याच्या भिंतीवर संगमरवरात कोरून, वर दिव्याचा झोत सोडून खोटं बोललात. "सुलतानाचं घराणं गेल्यापासून जीर्णोद्धार होईपर्यंत ही इमारत रिकामी होती." हे वाक्य ज्या साहेबाने लिहिलं आणि ज्याने त्याखाली सही ठोकली, त्या दोघांनी एकदा मुनिरेबाईंच्या डोळ्यांत बघून ते म्हणून दाखवावं.

मुनिरेबाई उस्कुदार पेठेतल्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. त्यांची लेक गुलसेरेन त्यांना त्या दिवशी राजवाड्यात घेऊन आली ती झुंबरं बघायला नव्हे. या राजवाड्यात एके काळी अनाथ मुलींचं वसतिगृह होतं. मुनिरे आणि तिची धाकटी बहीण बेहिजे तिथे वाढल्या. बेहिजे तिथेच तापाने गेली. तिला कुठे पुरलं हे कुणी सांगितलं नाही. पोरीला काय सांगायचं! थडगं नाही, दगड नाही. उरली फक्त एक जागा. समुद्राकडच्या खोलीत, खिडकीखाली, तिची खाट होती. तिथे उभं राहून मेलेल्या बहिणीसाठी एकदा फातिहाची प्रार्थना पढायची, एवढंच म्हातारीला हवं होतं. आणि एवढ्यासाठी "दुरुस्ती चालू आहे, पुढच्या वर्षी या" हे ऐकण्यात तिची वर्षांमागून वर्षं गेली होती.

दारावरच्या सेझाई नावाच्या रखवालदाराने निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या पुढे केल्या.

"बुटांवरून चढवा, मावशी."

"बूट काढूनच गेले तर?"

"मावशी, हे म्युझियम आहे. घर नाही."

"तुझं नसेल," मुनिरेबाई म्हणाल्या आणि लेकीच्या खांद्याला धरून पिशव्या चढवल्या.

भिंतीवरची ती ओळ गुलसेरेनने वाचली, पण आईला वाचून दाखवली नाही. तिला वाटलं, खोली तरी दिसू दे, मग बघू.

खोली दिसली. तिथे आता "सुलतानाच्या आईसाहेबांचा कॉफीचा दिवाणखाना" होता. सोनेरी खुर्च्या, दारात रेशमी दोर, आणि खिडकीखाली, नेमकी बेहिजेच्या खाटेच्या जागी, मेणाची एक गोरीपान बाई कपाला ओठ लावून बसलेली.

गुलसेरेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हातारीचं त्या बाईकडे लक्षच नव्हतं. ती उंबऱ्याशी वाकली. पिशव्या काढल्या, बूट काढले, आणि टाचा खोलीकडे, टोकं बाहेरच्या बाजूला अशी ती जोडी भिंतीला लावून नीट ठेवली.

"आई, अगं घाल ते! काय करतेस?"

"बूट घालून घरात शिरू? बाई पट्टीने हात फोडतील."

वसतिगृहाच्या त्या बाई मरून जमाना झाला होता. गुलसेरेनने आईला थांबवायला हवं होतं. ती थांबवू शकली असती. तिने उलट दोर वर उचलून धरला.

मोज्यांवर चालत म्हातारी खिडकीशी गेली, मेणाच्या बाईकडे पाठ केली, तळहात उघडले. ओठ हलायला लागले आणि तेवढ्यात भोंगा वाजला. असा वाजला की पलीकडच्या दालनातले पर्यटकही धावत आले. सेझाई आणि आणखी एक रखवालदार आत घुसले.

"मावशी, बाहेर! गालिचा आहे तो!"

"दोन ओळी राहिल्यात रे, बाळा."

"बाहेर जाऊन म्हणा!" असं म्हणत सेझाईने तिचा दंड धरला. फोटो काढणाऱ्यांनी फोटो काढले. प्रार्थना अर्धवट राहिली.

दाराशी येऊन बघतात, तर बूट गायब.

"बेवारस वस्तू उचलायचा नियम आहे," सेझाई म्हणाला. "आत काय असेल, कुणास ठाऊक?"

"दादा, बॉम्ब कधी बूट जोडून ठेवतो का?" गुलसेरेन ओरडली. "टोकं बाहेर करून? तुझ्या आईने शिकवलं नाही तुला?"

सेझाई ओशाळला, पण बूट काही आले नाहीत. या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून तळघराकडे बोट. तळघरात सांगितलं, कार्यालयात विचारा. गार फरशीवर म्हातारी मोज्यांनी फरफटत होती. अखेर अधिकारी तुलायबाई भेटल्या. गोड बोलल्या, चहा मागवला, आणि दुकानातून मखमली सपाता आणवल्या, सुलतानाच्या बायका घालत तशा, जरीकाम केलेल्या.

"आमच्याकडून भेट, मावशी. पाय गारठलेत तुमचे."

मुनिरेबाईंनी सपातांना हात लावला नाही.

"बेहिजे रात्री गेली, पहाटे तिला उचलून नेलं," त्या म्हणाल्या. "तिचे बूट उंबऱ्याशीच राहिले. टोकं बाहेर. मी रोज पुसून ठेवायचे, परत आली तर लागतील म्हणून. आठवड्याने ते दुसऱ्या मुलीच्या पायात दिसले. मला म्हणाले, रडू नकोस, तूही दुसरे घे. बाई, मला दुसरे नकोत. माझे आणा."

तुलायबाईंनी चष्मा काढून पुसला. "मावशी, मला फार वाईट वाटतं. पण या इमारतीत वसतिगृह असल्याची आमच्याकडे नोंद नाही. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. त्या काळात ही इमारत रिकामी होती."

आता मात्र गुलसेरेन गप्प बसली नाही. "भिंतीवरही तेच लिहिलंय, आई," ती म्हणाली. "रिकामी होती म्हणे."

म्हातारीने चहाचा पेला बशीत ठेवला. आवाजही झाला नाही. पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि ती पाठ टेकून बसली, उठायचं नाही म्हणून बसतात तशी.

"रिकामी होती ना? बरं. मग माझी बहीण कुठे मेली, ते लिहून दे. मी बसलेय. सांग, कुठे मेली?"