दुरुस्तीचे अकरा नियम

चेन्नईच्या अड्यार भागात राणोजीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तंजावरकडचा मवाळ माणूस; 'नाही' म्हणणं त्याला ना मराठीत जमायचं, ना तमिळमध्ये. गिऱ्हाइकांना हे पक्कं ठाऊक होतं, राजगोपाल सरांना तर जास्तच. निवृत्त सरकारी अधिकारी, मुलगा अमेरिकेत, आणि कॉम्प्युटर रोज बिघडलेला. दोन हजार चारमध्ये राणोजी सख्ख्या मेहुणीच्या लग्नातून उठून त्यांच्याकडे धावला, तर माउस धड होता. विणलेल्या टेबलक्लॉथवर सरकत नव्हता, इतकंच.

"आता काहीतरी मर्यादा घाला," बायको हेमावती म्हणाली, "नाहीतर तुमचं अंथरूण मी त्यांच्याकडेच घालते."

तोंडाने सांगणं शक्यच नव्हतं. राणोजीने चार नियम छापले: वेळ दहा ते सहा, रविवार बंद, फोन दुकानाच्याच नंबरवर करावा, किरकोळ कामाला घरी येणार नाही. पहिला कागद त्याने सरांच्याच हातात दिला.

सरांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि खिशातून लाल पेन काढलं. राणोजीला ते 'तंबी' म्हणत, तमिळमध्ये धाकटा भाऊ.

"तंबी, 'किरकोळ' म्हणजे काय? यातून कोणीही पळवाट काढेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाराचे अकरा नियम करून, लॅमिनेट करून आणले. स्वतः भिंतीवर लावले आणि खुर्ची ओढून बसले. "नियम केले की राखायला माणूस लागतो."

सहा वाजून पाच मिनिटांनी आलेल्या एका डॉक्टरांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. दुकानाचा फोनही तेच घेऊ लागले.

वैतागून राणोजीने बारावा नियम लिहिला: काम नसलेल्या गिऱ्हाइकाने दुकानात बसू नये.

"उत्तम!" सर म्हणाले. "पण मी गिऱ्हाईक कुठे? महिनाभर माझा कॉम्प्युटर बिघडलेलाच नाही."

ते खरंच होतं. तो चालू करायला सर घरी असत कुठे?

एका रविवारी देविका नावाच्या विद्यार्थिनीचा मोबाइलवर फोन आला. सोमवारी प्रबंध द्यायचा होता आणि मशीन सुरूच होत नव्हतं. राणोजीने स्क्रू ड्रायव्हर भाजीच्या पिशवीत टाकला. कोपऱ्यावर सर भेटलेच.

"कुठे, तंबी? आज रविवार."

"वांगी आणायला, सर."

"शाब्बास!"

चोरासारखा गल्लीबोळातून तो देविकाकडे पोचला. तासाभरात प्रबंध सापडला. तिचे डोळे भरून आले. "तुमचा नंबर मैत्रिणींना देऊ?"

"द्या ना," राणोजी म्हणाला. "फक्त रविवारीच फोन करा म्हणावं."