पोथीतली कन्या

ज्येष्ठत्व जन्माच्या क्रमाने येते. ते कोणी दान देत नाही, म्हणून कोणी काढूनही घेऊ नये. तरीही रूढीच्या ओघात सज्जन माणसाच्या हातूनच असा अन्याय घडतो, आणि तो ज्याच्या अक्षरात लिहिला गेला, त्यालाच दुरुस्त करावा लागतो.

निवळगड संस्थानचे गादीधारक चारुदत्तराव ऊर्फ आबासाहेब यांच्यावर ती वेळ सौदी अरेबियातल्या अल खफजीत, मुलाच्या घरी आली. राज्य केव्हाच गेले होते. उरला होता तो खंडेनवमीला देवळातल्या तलवारीच्या पूजेचा मान. घराण्यातला थोरला नातू बारा वर्षांचा झाला, की पूजेआधी वंशावळीच्या पोथीतून पुढचा वारस म्हणून त्याचे नाव पुकारायचे, अशी चाल होती. यंदा त्यांचा नातू इंद्रनील बारा वर्षांचा झाला होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आबासाहेबांना विमानप्रवास वर्ज्य होता, म्हणून पूजा फोनच्या पडद्यावरून व्हायची होती.

आदल्या दुपारी त्याच्या पंधरा वर्षांच्या बहिणीने, रेवाने, ती पोथी उघडली होती. शाळेतल्या प्रकल्पासाठी ती राजघराण्यांचे वारसाहक्क अभ्यासत होती.

"आबासाहेब, स्वीडनने १९८० मध्येच नियम बदलला. थोरले अपत्य, मग मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे मी कुठे आहे?"

त्यांनी बोट ठेवले. तिथे त्यांच्याच सुबक अक्षरात एकच शब्द होता : 'कन्या'. खाली मात्र 'चि. इंद्रनील' असे ठसठशीत लिहिले होते. पोथी मिटून रेवाने ती डोळ्यांना लावली, आणि आबासाहेबांना ते फार लागले.

सकाळी दिवाणखान्यात एकच धांदल उडाली. सूनबाई सुनेत्रा निरांजन शोधत होती. सुटीवर घरी आलेला मुलगा उदय फोन टेबलावर उभा करत होता. शेजारच्या रत्नागिरीकर हफीजाबाई खजुरांचे ताट घेऊन आल्या होत्या.

"आमचं नेट जोडा, वहिनी, तुमचं रडतंय! यल्ला, चला आबासाहेब, तिकडे मुहूर्त चाललाय!"

पडद्यावर देऊळ दिसू लागले. वृद्ध कारभारी हात जोडून म्हणाले, "सरकार, युवराज इंद्रनील यांचं नाव पुकारतो."

"थांबा." आबासाहेबांनी टाक उचलला. 'कन्या' या शब्दापुढे त्यांनी लिहिले : 'चि. रेवा. ज्येष्ठ.' "हे पुकारा," पोथी फोनसमोर धरून ते म्हणाले.

तिकडे कुजबुज उठली. "सरकार, लेक उद्या परक्या घरी जायची. गादी कोण सांभाळणार?"

"आमचा उदय मुलगाच ना? बारा वर्षं तो समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर आहे. तुमचे चिरंजीव कॅनडात. ते गेले तरी घरचेच, आणि ही गेली की परकी? मग गादी आजवर कोणी सांभाळली, कारभारी?"

कारभाऱ्यांच्या मागून कोणा म्हातारीचे खणखणीत शब्द आले, "बरं बोलले सरकार! सांभाळली आम्हीच!" देवळात हशा पिकला.

सगळ्यांच्या नजरा इंद्रनीलकडे वळल्या. तो खजूर चघळत होता. "फर्स्ट कम, फर्स्ट सर्व्ह्ड. ताई तीन वर्षं आधी आली ना! पण तलवार मला एकदा धरू देईल का?"

"दोनदा देईन, गाढवा," रेवा म्हणाली.

कारभाऱ्यांनी पगडी सारखी केली, श्वास भरून घेतला आणि पुकारले, "निवळगडच्या गादीच्या वारस, रेवाराजे!" तुतारी अशी घुमली की फोन टेबलावर थरथरला. हफीजाबाईंनी टाळ्या पिटल्या. सुनेत्राने रेवाला निरांजनाने ओवाळले. उदयने फोन सावरला.

रेवा वाकली, तेव्हा आबासाहेबांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. बोटांवर शाई अजून ओली होती. तिच्या भांगाशी शाईचा बारीकसा ठिपका उमटला. तो त्यांनी पुसला नाही.

"आयुष्मती भव," ते हळूच म्हणाले. "ज्यांची नावं मी लिहिली नाहीत, त्या सगळ्या लेकींचंही कल्याण असो."