तीस नग एकसारखे

मिक्सरच्या कारखान्यात तिला सगळे मीटरताई म्हणत. लाइनच्या शेवटच्या टेबलावर बसायचं, तयार मिक्सरला मीटर लावायचा, काटा बघायचा आणि हिरवं नाहीतर लाल लेबल चिकटवायचं, हे तिचं सोळा वर्षांचं काम. या कामावर तिचा जीव होता. दहापैकी नऊ मिक्सर ती नुसत्या आवाजावरून ओळखे आणि तसं चारचौघांत सांगायलाही कचरत नसे. आपली पाठ आपणच थोपटावी, बाकीच्यांचे हात कामात असतात.

काम गोड, पण भोवतीचा जाच कडू. रोजचे चारशे नग होते ते पाचशे झाले होते आणि तीस बायकांमध्ये बिल्ला एकच. तो गळ्यात असेल तरच बाथरूमला जाता येई. बायकांनी पाणी पिणंच कमी केलं होतं.

त्या सोमवारी मॅनेजर साहेबांनी हेड ऑफिसचे फॉर्म वाटले. प्रश्न एकच, ‘तुम्ही कामावर समाधानी आहात का?’ वाटून झाल्यावर साहेब कमरेवर हात ठेवून समोरच उभे राहिले. पाच मिनिटांत सगळे फॉर्म भरून परत! गठ्ठा त्यांनी मीटरताईपुढे ठेवला.

“खाली तपासणारीची सही लागते. करून टाका. उद्यापासून लाइन इन्चार्ज तुम्हीच, पत्र तयार आहे.”

या पत्राची ती पाच वर्षं वाट बघत होती. सासूबाईंनी तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. तिने पेनाचं टोपण काढलं आणि नेमकी सवय आडवी आली. न तपासता सही तिच्या हातून होईना. ‘पूर्ण समाधानी.’ ‘पूर्ण समाधानी.’ तीसच्या तीस.

तिने एक लाल लेबल काढून गठ्ठ्यावर चिकटवलं.

“अहो, हे काय?”

“माल परत, साहेब. तीस नगांवर काटा एकाच जागी थांबला तर आम्ही नग पास करत नाही. मीटर बिघडला म्हणतो.”

“कसला मीटर?”

“तुम्ही समोर उभे होतात ना.”

लाइनवर कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लालबुंद झाले. “मग पत्र विसरा!”

खोटं कशाला सांगा, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज हलला नाही. “विसरले. कोरे फॉर्म द्या. जेवणाच्या सुट्टीत भरतो, तुम्ही नसताना. नावं न घालता.”

हेड ऑफिसला फॉर्म चारच्या आत हवे होते आणि तिच्या सहीशिवाय ते चालणार नव्हते. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. यात गाढव कोण ते विचारू नका. साहेबांनी कोरे फॉर्म दिले.

सुट्टीत सगळ्यांत आधी फॉर्म घेऊन आली हळूबाई. दोन वर्षांत तिचा आवाज शेजारच्या स्टुलापलीकडे गेला नव्हता. तिने लिहिलं होतं, ‘काम आवडतं. बिल्ला बंद करा.’ आणि खाली ठसठशीत अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव.

“अगं, नाव नको होतं.”

“राहू दे, ताई,” हळूबाई म्हणाली, आणि ते लाइनच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

मागे रांगेत बाकीच्या जणी उभ्या होत्या. मीटरताईने त्या फॉर्मखाली सही केली आणि पुढच्या फॉर्मसाठी हात पुढे केला.