नोव्हेंबरात फुललेलं वाळुंज

कुस्कोक्विम नदीच्या काठावर निम्मं गाव लोटलं होतं. सगळीकडे बर्फ, आणि त्यात वाळुंजाच्या एका झुडपाला मऊ रुपेरी तुरे! आमच्याकडे हे तुरे हिवाळा सरताना येतात, नोव्हेंबरात नाही.

"लांबूनच बघा!" इव्हॉनकाका हात पसरून उभे. "हात लागला की शक्ती उतरते. या तुऱ्यांचं पाणी प्या. साखरेचा आजार, गुडघेदुखी, नवऱ्याचं घोरणं, सगळ्यावर हेच!"

"घोरण्यासाठी कोणी प्यायचं, मी का त्यानं?" मागून शेजारच्या ओलिंकाने विचारलं.

"दोघांनी! दोन बाटल्या ने."

किंमत, एका बाटलीला धुरी दिलेला एक सॅल्मन मासा.

मीही हसले असते. पण माझ्या सासूबाईंनी, मात्रोनाबाईंनी, त्याच दिवशी ते पाणी घेतलं आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्या खिडकीतून बर्फात फेकल्या.

"आई, असं करू नका हो."

"या सप्टेंबरात निळ्या बेरी दुसऱ्यांदा फुलल्या. तीस वर्षं फुलांच्या नोंदी ठेवतेय, असं कधी नव्हतं. मग वाळुंज का फुलू नये?"

बेरीची ती फुलं मीही पाहिली होती. बाळाला पाठीशी बांधून मी काठावर गेले, दुसऱ्याच एका झुडपाची बंद कळ्यांची फांदी तोडली आणि घरी दुधाच्या बाटलीत पाणी भरून चुलीमागे ठेवली. रोज बाळाला पाजताना मी तिच्याकडे बघे आणि दवाखान्यातून आणलेली नवी गोळी सासूबाईंपुढे धरी. त्या तोंड फिरवत. आठव्या दिवशी त्यांना नातवाचा चेहरा धूसर दिसायला लागला. त्याच दिवशी कळ्या उघडल्या.

मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तुरे बोटांनी चाचपले.

"कुठलं हे?"

"आपल्या चुलीमागचं."

त्या उठून अंगरखा चढवू लागल्या. "चल. बेरीची फुलं दिसली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून मुळापर्यंत बघितलं होतं. हे झुडूप मात्र लांबूनच बघितलं. मला झालं तरी काय होतं?"

काठावर इव्हॉनकाका आडवे आले. "मात्रोनाताई, हात लावू नकोस, शक्ती—"

"इव्हॉन, तुझं नाक पुसलंय मी. हो बाजूला."

त्या खाली बसल्या, बर्फ उकरला आणि ओढलं. अख्खं झुडूप हातात आलं! मूळ नव्हतंच. जाळ्याच्या दोरीने बांधलेल्या दहा-बारा फांद्या, खाली चाकूचे ताजे तिरके काप.

"अरे!" ओलिंकाचा नवरा ओरडला. "म्हणून तीन आठवडे आम्हाला वाफेच्या अंघोळीला बोलावलं नाहीस! न्हाणीघराची दुरुस्ती म्हणे!"

"दुरुस्तीच होती..." इव्हॉनकाका पुटपुटले.

"वसंत ऋतूची का?"

हसण्याने काठ दणाणला. त्यांच्या तापलेल्या न्हाणीघराचं दार ढकललं तर आत पाण्याच्या बादल्या, आणि बादल्यांत उद्याचा चमत्कार उमलत होता.

घरी येऊन सासूबाईंनी कुरकुरत गोळी गिळली. नजर निवळायला आठवडा लागला.

आता सरळच सांगते. वाळुंजाच्या कळ्या शरदातच तयार असतात. थंडी खाऊन झाली की त्यांना फक्त ऊब लागते, आणि ती कुठल्याही चुलीमागे मिळते. बेरी मात्र खरंच दोनदा फुलल्या, कारण यंदा ऊब लांबली. ते काळजीचं आहे, म्हणून ते बघायला हवं, लिहून ठेवायला हवं. खऱ्या नवलाला तुमच्या हाताची भीती नसते. जिथे हात लावायला बंदी असेल, तिथला बर्फ आधी उकरा.