फलकावरचं डिझेल

सरकारचा उघडा, चोख हिशेब हेच युद्धात मेलेल्यांचं खरं स्मारक, असं सालाकपा गावाच्या चौकात परदेशी पाहुण्यांनी सांगितलं, तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐकायला येणाऱ्याला एक टोपी आणि कसाव्याच्या पाल्याबरोबर भात होता. पाल्यात मिरची फार पडली होती.

पाहुणे गेले, त्यांनी उभारलेला हिशेबाचा फलक मात्र राहिला. दोन मजली उंच, विजेचा, लाल अक्षरं पळवणारा. गावात वीज नव्हती, म्हणून पाहुण्यांनी त्याला जनरेटरही दिला. कुठल्या कामाला काय पोचलं, हे तो रोज संध्याकाळी चार ते सात सांगायचा.

एका सोमवारी त्याने सांगितलं: आरोग्य केंद्र, डिझेल, एकशेवीस गॅलन, पोचलं.

केंद्राची नर्स गोर्पू मुल्बा हिने ते तीनदा वाचलं. तिच्या लसींच्या फ्रिजला दोन महिन्यांत थेंब मिळाला नव्हता. गोवराच्या दोनशे चाळीस लसी तिने मासळीवाल्या मा यासाच्या बर्फावर जगवल्या होत्या. राजधानीहून मासळीबरोबर येणारा हा बर्फ मा यासा फुकट द्यायची.

मंगळवारी गोर्पू डबा घेऊन बाजारात गेली.

"बर्फ?" मा यासा म्हणाली. "एवढं डिझेल गिळलंस, आता वर गार काहीतरी हवं होय?"

"मा, शप्पथ, काही आलेलं नाही."

"मला वाचता येत नाही गं. पण सुनेनं दोनदा वाचून दाखवलं. युद्धात लुटणारे बरे, निदान तोंडावर लुटायचे."

"सिस्टर," शेजारची मिरचीवाली ओरडली, "भातावर घेतेस की केसांना चोपडतेस?"

सगळी रांग हसली. हसणाऱ्यांत गोर्पूच्या हातून बाळंत झालेल्या चौघी होत्या.

रिकामा डबा घेऊन ती तडक हिशेब अधिकाऱ्याकडे गेली. टोकपासाहेबांसमोर परदेशी सल्लागार होल्म बसला होता.

"आमच्याकडून निघालं ते फलकावर येतं, सिस्टर," टोकपासाहेब म्हणाले.

"मग 'निघालं' लिहा. 'पोचलं' का लिहिलंय?"

"'निघालं' लिहिलं की लोक विचारतात, कुठे गेलं म्हणून."

होल्म खुर्चीत पुढे सरकला. "पण हे फार छान आहे! नागरिक हिशेब वाचून प्रश्न विचारताहेत. बाई, फलकाखाली तुमचा एक फोटो घेऊ?"

"फोटो राहू दे. फ्रिजला निदान तीन दिवसांचं डिझेल द्या."

होल्मला खरंच वाईट वाटलं. त्याच्या निधीतून इंधन देता येत नव्हतं. खर्च फक्त पारदर्शकतेवर करता येत होता.

"मग फलकाच्या जनरेटरला डिझेल कोण घालतं?"

"तो सरकारचा हिस्सा," होल्म म्हणाला. "आम्ही यंत्र देतो, सरकार इंधन देतं. तशी अटच आहे."

टोकपासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. गोर्पू त्यांच्याकडे वळली.

"म्हणजे माझं डिझेल?"

"सिस्टर, फलक विझला तर पुढच्या वर्षीची मदत जाईल. तुमच्या फ्रिजसाठी कोणी विमानाने येतं का इथे?"

"आणि गाव मला चोर म्हणतंय, त्याचं काय?"

"तक्रारीचा फॉर्म आहे. इंटरनेटवर."

होल्मने हे सगळं वहीत उतरवलं. 'स्थानिक सहकार्य उत्तम' असं वर लिहून खाली रेघ मारली. गोर्पू बाहेर आली. ती पायऱ्यांपाशी थांबून थुंकली, आणि पहारेकऱ्याने भिंतीवरची पाटी दाखवली: थुंकू नये.

लसीच्या प्रत्येक कुपीवर एक फिकट चौकोन असतो. ऊब लागली की तो काळवंडत जातो. भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस गेली. त्याला कोणाची सही लागत नाही, आणि तो 'पोचलं' असं काही सांगत नाही.

शनिवारी सगळे चौकोन काळे होते. नियमाप्रमाणे गोर्पूने केंद्रामागे खड्डा खणून कुप्या जाळल्या. धूर बघून कुंपणापाशी दोघीतिघी जमल्या.

"बघ, डिझेल कमी नाही तिला," एक म्हणाली. "कचरासुद्धा डिझेलनं जाळते."

गोर्पूने नोंद लिहिली, खाली सही केली आणि हात धुतले.

त्या लसी ज्या दोनशे चाळीस मुलांसाठी आल्या होत्या, त्यांतल्या एकालाही अजून तो फलक वाचता येत नाही.