वाऱ्याने फिरलेली पाटी

मित्रांनो, तळ्यावरच्या कोठाराच्या मागे, मोडक्या वल्ह्यांशेजारी टेकवून ठेवलेली जुनी लाकडी पाटी म्हणजे मी. बोलायची संधी आज पहिल्यांदाच मिळते आहे, तेव्हा थोडी तिखट बोलले तर राग मानू नका.

पक्ष्यांसाठी राखलेल्या या तळ्याच्या राखणदाराने मला स्वतःच्या हातांनी घडवले. रंधा मारला, टोकाला बाण कापला, निळ्या अक्षरांत लिहिले, ‘फिरण्याची वाट. हळू चाला.’ वाटेला दोन फाटे फुटतात तिथे त्याने मला खांबावर बसवले. एक फाटा पाण्याच्या कडेने जाई, दुसरा झाडीमागून. टिबुकल्यांच्या विणीचे दिवस आले की तो पाना घेऊन येई, मला झाडीकडे वळवी आणि नट गच्च आवळी. मग पिल्ले पोहू लागेपर्यंत पाण्याकडे कोणी फिरकत नसे.

टिबुकली म्हणजे इवलेसे पाणपाखरू. तिचे घरटे पाण्यावर तरंगते. माणूस आला की ती ओल्या गवताने अंडी झाकते आणि बुडी मारते. बारा वर्षांत माझ्यामुळे एकही घरटे उजाड झाले नाही. रोज सकाळी फिरायला येणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई मला थोपटून पुढे जात. लाकूड असूनही मी फुगून जायचे!

मग एकदा ऐन विणीत राखणदाराच्या वरच्या साहेबांचे मेहुणे आले. गळ्यात हातभर लांब कॅमेरा. त्यांना अंड्यांवर बसलेली टिबुकली अगदी जवळून टिपायची होती. पाहुण्यांना कोणी हटकू नये, म्हणून पाण्याकडची वाट सगळ्यांनाच उघडी आहे असे दाखवायचे ठरले. राखणदाराने थोडे आढेवेढे घेतले. शेवटी एका सकाळचाच तर प्रश्न आहे, असे पुटपुटत त्याने पाना काढला. मला पाण्याकडे वळवताना त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

सुटीचा दिवस होता. बाण बघून माणसांची रीघ लागली. बाई क्षणभर थबकल्या. पाटी सांगते आहे म्हणजे पिल्ले निघून गेली असतील, असे म्हणत त्याही आत गेल्या. त्या गडबडीत टिबुकलीला अंडी झाकायलाही उसंत मिळाली नाही. कावळ्यांनी डाव साधला. गर्दी पांगल्यावर ती परतली आणि रिकाम्या घरट्यातले गवत बराच वेळ सारखे करत बसली.

चौकशी झाली. मला वाटले, ज्याने मला घडवले तो तरी खरे बोलेल. तो मान खाली घालून म्हणाला, “पाटी जुनी झालीय, साहेब. वाऱ्यानं फिरली असेल.”

साहेबांनी लगेच मान डोलावली. बाईंनी मात्र माझा घट्ट नट चाचपला.

“वारा कधीपासून पाना घेऊन हिंडायला लागला?” त्या म्हणाल्या.

मला त्याच दिवशी उतरवले.

मित्रांनो, माझ्यावर कुऱ्हाड चालवली असती तरी सोसले असते. पण ज्या हातांनी मला अक्षरे दिली, त्यांनीच मला खोटे पाडले. हे काही केल्या सोसवत नाही. आता तिथे नवी पाटी आहे. राखणदार तिला मायेने पुसतो आणि त्या खुळीला ते खरे वाटते.

तुम्ही तरी एवढे करा. बाण काहीही सांगो, पाखरू घाबरलेले दिसले की मागे फिरा. मला आपले आपण वळता येत नव्हते. तुम्हाला येते.